वऱ्हाडाचं खळं

पाथरघरच्या सड्यावर, डोंगरमाथ्याच्या ह्या उघड्या पठारावर, जिथं वारा माणसाला धड उभं राहू देत नाही, तिथं मधोमध एक मोठं गोल रिंगण आहे. रिंगणाच्या आत गवत, बाहेर गवत, पण त्या गोल पट्ट्यावर एक काडी उगवत नाही. पाहुणे येतात, कमरेवर हात ठेवून बघतात आणि विचारतात, "इथं मळणी होते का हो?" आता तुम्हीच सांगा, गावातली खळी सोडून, बैल एवढा डोंगर चढवून, कड्याच्या तोंडाशी मळणी करायला आम्ही काय वाऱ्याचे जावई आहोत? एकदा एक साहेब आले, ते म्हणाले ही हेलिकॉप्टर उतरायची जागा आहे. त्यांना "हो" म्हणून सांगितलं. बिचारे दुपारपर्यंत आभाळाकडं बघत बसले होते.

तुम्ही शहाणे दिसता, म्हणून तुम्हाला खरं सांगायचं. ह्याला वऱ्हाडाचं खळं म्हणतात. ते कसं झालं हे ऐकल्याशिवाय इथून पुढं खिंडीकडं कुणाला नेत नाहीत, तशी रीतच आहे. तेव्हा पिशव्या उतरवा, आणि ते मोबाइल वर धरून रेंज शोधणं बंद करा. रेंज मिळाली असती तर आम्हीच नसतो का इथं येऊन बसलो?

गोष्ट फार जुनी. किती जुनी ते विचारू नका. आमच्यात आज्याच्या पलीकडचं सगळं फार जुनंच असतं.

त्या काळी पाथरघरात बमू ढेबे नावाचा वाटाड्या होता. सड्याची वाट ढेब्यांच्या घराण्याकडं होती, जशी देवीची पूजा गुरवाकडं असते तशी. पाथरघरहून खाली कोकणात शिरवण्याला उतरायचं तर हा सगळा सडा ओलांडून करंबाच्या खिंडीत जावं लागतं. आणि सड्यावर वाट म्हणून काही दिसत नाही. नुसता कातळ आणि मधून मधून गवत. पिढ्यान् पिढ्यांच्या पायांनी तो जिथं गुळगुळीत झालाय तीच वाट, आणि ती डोळ्यांपेक्षा तळपायाला आधी कळते. बमूच्या तळपायाला ती अशी कळायची की चालता चालता तो मागं तोंड करून गप्पा मारायचा, आणि वर लोकांना म्हणायचा, "खाली बघून चालतं ते ढोर. वाटाड्या समोर बघून चालतो." बमूची मान कायम ताठ असे. देवळात नमस्कार करतानासुद्धा देवानंच जरा वाकावं अशी, असं सांगतात.

सड्याचा एक कायदा होता, तोही ऐकून ठेवा. ज्याची वाट चुकेल त्यानं जागच्या जागी उभं राहून हाक घालायची, "वाट चुकलो रेऽऽ." ही हाक ज्याच्या कानावर पडेल त्यानं हातातलं काम टाकून परात बडवायची, चुकलेला माणूस त्या आवाजाच्या रोखानं दारात येऊन टेकेपर्यंत. सड्याच्या कडेकडेनं गवळ्यांचे वाडे होते, त्यामुळं हाक सहसा वाया जात नसे. बाजाराला निघालेल्या बाया हाक घालत, म्हशीमागं भटकलेले गुराखी घालत, एकदा गावचा पाटीलही ओरडत बसला होता म्हणे. त्यात कुणाला कमीपणा नव्हता. कमीपणा फक्त वाटाड्याला. ढेब्यांच्या सात पिढ्यांत ही हाक कुणाच्या तोंडून निघाली नाही, असं बमू सांगायचा. सात पिढ्या मागं जाऊन बघणार कोण?

बमूला एकच लेक, भिवरा. ती त्यानं शिरवण्याच्या सगू आखाड्याच्या मुलाला दिली. मुलाचं नाव काही कुणाला आठवत नाही. आधीच लग्नात नवरदेवाला कोण विचारतो, आणि त्यात हा तट्टूवर बसून सगळा वेळ मुंडावळ्या सावरत होता.

वैशाखात पाथरघरला लग्न लागलं. जेवणं उरकली. वऱ्हाड निघायच्या वेळी सगूनं मावळतीकडं बघितलं आणि म्हणाला, "व्याहीबुवा, ढग काळा पडलाय. आजची रात हितंच काढू की. उद्या सकाळी निवांत उतरू."

सगू बोलला ते सरळ मनानं. पण मांडवात सगळा गाव बसलेला, आणि बमूला वाटलं, व्याह्यानं आपल्या वाटाडेपणावर बोट ठेवलं. तो मिशीवर हात फिरवत म्हणाला, "पाव्हणं, ह्यो सडा माझ्या तळहातावर हाय. माझं डोळं बांधा. तरी दिवं लागायच्या आत तुमच्या उंबऱ्यावर नेऊन उभं न्हाई केलं, तर ढेब्यांचं नाव लावनार न्हाई."

मांडवात लोक हसले, कुणी टाळ्या दिल्या. सगू काय बोलणार? मुलीच्या बापाला त्याच्याच मांडवात खोटं पाडायचं असतं का? वऱ्हाड निघालं.

पुढं बमू. त्याच्यामागं तट्टूवर नवरदेव. त्यामागं भिवरा, अनवाणी, कारण नव्या नवरीनं सासरचा उंबरा ओलांडेपर्यंत पायात वहाण घालायची नाही अशी रीत होती. पाय घोट्यापर्यंत हळदीनं पिवळेधमक. मागं सगू आणि त्याची माणसं, आणि सगळ्यांच्या शेवटी सनई वाजवणारा भाना. नवरी घरात जाईपर्यंत सनई थांबवायची नाही, हीसुद्धा रीतच. रीतींच्या बाबतीत आमची माणसं फार शहाणी.

सड्याच्या मध्यावर आले आणि आभाळ फुटलं. गारा. आधी बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. आमच्याकडं एक म्हातारा त्या नारळाएवढ्या होत्या म्हणून सांगायचा, पण मग वऱ्हाड उरलं कसं, असं विचारलं की चिडायचा. माणसं घोंगड्यांखाली एकमेकांना चिकटून बसली. भिवरेला मध्ये घेतलं. घटकाभरानं मारा थांबला. घोंगडी बाजूला करून बघतात तर सडा नाहीच. सगळं पांढरं. कातळ पांढरा, झुडपं पांढरी, घोटाभर गारांचा थर, आणि खोलगटात गुडघाभर. आणि तापलेल्या कातळावर गार पडली की काय होतं ते घरी जाऊन तव्यावर पाणी मारून बघा. वाफ उठली. तिचं धुकं झालं. ते इतकं दाटलं की तट्टूचं शेपूट दिसायचं तर तोंड दिसायचं नाही.

बमूनं पाऊल टाकलं. खाली गार कुरकुरली. त्यानं दुसरं टाकलं, मग तिसरं. तळपायाला वाट लागेना. आयुष्यात पहिल्यांदा त्याला खाली बघावंसं वाटलं, आणि मागं सगू आहे हे आठवून त्यानं मान तशीच ठेवली.

"व्याहीबुवा, थांबायचं का जरा?" सगूनं मागून विचारलं.

"कशापायी? चला."

डाव्या हाताला कडा आहे, एवढंच त्याला पक्कं माहीत. खाली सरळ कोकण. त्या कड्याच्या भीतीनं तो प्रत्येक पावलाला जरासा उजवीकडं सरकत होता. त्याला ते कळत नव्हतं. धुक्यात प्रत्येकाला आपण सरळच चाललोय असं वाटतं. अहो, उन्हात तरी दुसरं काय वाटतं?

असं बरंच चालल्यावर समोर गारांत पावलं दिसली. माणसांची पावलं, तट्टूचे खूर.

मागून सगू ओरडला, "अरं, पुढं कुनीतरी गेलंय! बघा, बमूभाऊ, वाट बराबर हाय!" वऱ्हाडात आनंद झाला. भानानं सनईवर एक तान जास्त मारली.

बमू मात्र जागीच थिजला. कारण त्या पावलांत एक जोडी अनवाणी होती, आणि त्या पावलांच्या तळाशी गारांना पिवळा रंग लागला होता. हळद. ती कुणाची पावलं आहेत हे त्याला तेव्हाच कळलं. आपण फिरून आपल्याच मागं आलोय.

इथं त्यानं हाक घालायची होती. उभं राहायचं आणि तीन शब्द बोलायचे. तोंडसुद्धा उघडलं, असं सांगतात. पण मांडवातल्या टाळ्या त्याच्या कानात वाजल्या. मागं व्याही. हाक घातली तर वाड्यावाड्यावर परात वाजणार, आणि उद्या बाजारात पोरंसोरं विचारणार, कोण चुकलं होतं रे काल? त्यानं तोंड मिटलं. मग मोठ्यांदा म्हणाला, "म्हनलं न्हवतं? ह्यीच वाट!"

आणि त्यानं जे केलं ते सांगताना आमच्या जुन्या माणसांचा आवाज खाली जायचा. चालता चालता तो पाय जरासा ओढू लागला. दिसलं पिवळं पाऊल की वहाण त्याच्यावर फरफटायची, पुसायचं, पुढं जायचं. लेकीच्या पायाचे ठसे बाप पुसत चालला होता. पाय दुखतोय असं त्यानं नाटक केलं. आणि त्याला वाटलं, धुक्यात कुणाला काय दिसतंय.

पुन्हा एक फेरा झाला. पुन्हा पावलं, आता दुप्पट. "मोठं वऱ्हाड गेलंय वाटतं पुढं," मागून कुणीतरी म्हणालं. आणखी एक फेरा झाला, आणि सगू म्हणाला, "आज तर बाजारच लोटलाय सड्यावर." त्याच्या आवाजात आता मघाचा आनंद नव्हता, पण बमूला ते ऐकायचंच नव्हतं. तट्टू एका जागी आलं की दर वेळी डावीकडं मान टाकायचं, तिकडं ओढ घ्यायचं. बमू त्याच्या तोंडावर काठी मारायचा. जनावराला लाज नसते, ते बिचारं खरं बोलत होतं.

भिवरा चालत होती. पाय आधी दुखले, मग जळजळले, मग दुखायचे थांबले. बोटं सुजून जोडवी मांसात रुतली. आताच्या नव्या फेऱ्यातल्या पावलांत पिवळं काही उरलं नव्हतं, जे होतं ते तांबूस होतं. बमूनं तेही बघितलं. त्यानं त्यावरही पाय ओढला.

मग एका जागी मागं नुसता धप् आवाज झाला. सनई थांबली. बमू वळला तर भिवरा गारांत बसलेली, पाय पुढं पसरलेले, आणि ती दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे त्यांच्याकडं बघत होती.

"बाबा," ती म्हणाली, "पाय लागंनात."

नवरदेव तट्टूवरून उतरला. उतरावं हे कळायला त्यालाही एवढे फेरे लागले. बमू लेकीसमोर बसला. तिचे पाय त्यानं हातात घेतले, ते गारांपेक्षा थंड होते. असे पाय त्यानं मेलेल्या माणसाचेच हातात धरले होते. आणि तेव्हा ढेब्यांच्या त्या वाटाड्यानं, बसल्या बसल्या, मान न उचलता हाक घातली.

"वाट चुकलो रेऽऽ!"

हाक संपते न संपते तोच परात वाजली. लांब कुठं नाही. धुक्याच्या पलीकडं, जिकडं तट्टू मान टाकत होतं तिकडं, दगड फेकला तर पोचावा एवढ्यावर. कुत्री भुंकली. धुक्यातून म्हातारी ठकूबाई झोरे परात बडवतच आली, मागं तिचा सगळा गवळीवाडा.

"अगं बया!" ती म्हणाली. "चुकलाय व्हय तुमी? मघापासनं सनई ऐकतोय आमी. जवळ येतीय, लांब जातीय, जवळ येतीय. म्हनलं, ढेब्यांच्या पोरीचं वऱ्हाड हाय, नाचत असतील. आमची पोरंबी हितं गोठ्यात नाचली."

कुणी हसलं नाही. एरवी हसण्यासारखंच होतं.

बमूनं भिवरेला पाठीवर घेतलं. गोठ्यात चुलीजवळ निजवलं. ठकूबाईनं जोडवी कापून काढली, कोमट दुधात पाय ठेवले. बराच वेळ तिला काही कळत नव्हतं. मग कळ आली, आणि ती ओरडली, आणि ठकूबाई म्हणाली, "ओरड बाई, ओरड. ओरडतीयास म्हंजी पाय जिता हाय." डावा पाय वाचला. उजव्याची दोन बोटं काळी पडली ती पडलीच.

बमू उंबऱ्याबाहेर गारांत बसला होता. त्याला आत ये म्हणायला कुणी धजेना. शेवटी सगू बाहेर आला आणि त्याच्या शेजारी बसला. बमूनं पागोटं काढून त्याच्या पायांवर ठेवलं.

"सगूबुवा, पहिल्याच फेऱ्याला मला कळलं होतं. पोरीची हळद दिसली मला. मी ती पुसली."

सगू पागोटं उचलून त्याच्या मांडीवर परत ठेवत म्हणाला, "मलाबी ठावं हुतं."

बमूनं त्याच्याकडं बघितलं.

"दुसऱ्या फेऱ्याला वळखलं. म्हनलं, मुलीचा बाप हाय, आजच्या दिवशी ह्येला खाली बघाया कशाला लावायचं? म्हनून बाजार, बाजार करत बसलो. तुमी बोलाल म्हनून वाट बघत हुतो."

दारात भाना उभा होता. तो म्हणाला, "मलाबी ठावं हुतं. माझ्याच थुंकीचा डाग मला परत दिसला. पर वाजवनाऱ्यानं कशाला बोलायचं?" मग एकेक जण बोलला. सगळ्यांना माहीत होतं. नवरदेवालासुद्धा. एवढी माणसं, प्रत्येकाला वाट चुकलीय हे माहीत, आणि एकमेकांचा मान राखत सगळी गोल फिरत होती, आणि मधे ती पोर अनवाणी.

आतून भिवरेनं हाक मारली. बमू आत गेला, तिच्या पायाशी बसला.

"बाबा, तुमी पुसत हुता तवाच मला कळलं," ती म्हणाली.

"मग बोलली का न्हाईस गं?"

"तुमची मान खाली गेली असती."

बमू तिच्या पायांकडं बघत म्हणाला, "मान खाली गेली असती, तर तुझं पाय दिसलं असतं मला."

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. गारा वितळून गेल्या, सडा धुतल्यासारखा काळा झाला, आणि त्यावर हे रिंगण होतं, गवत चिरडून झालेलं. आत गवत, बाहेर गवत. आणि रिंगणापासून खरी वाट ओरडून सांगता येईल एवढ्यावर, लख्ख दिसत होती. बमू आता वाटाड्या राहणार नाही, असं सगळ्यांना वाटत होतं. त्यानं काठी ठकूबाईच्या दाराशी टेकवूनही ठेवली होती. सगूनं ती उचलून त्याच्या हातात दिली. "तूच न्यायचं आमाला," तो म्हणाला. मानाचं 'तुमी' गेलं होतं, आणि बमूला तेच बरं वाटलं.

बमू खळ्याच्या कडेला येऊन उभा राहिला. पाय उचलेना. पुढं वाट स्वच्छ, आभाळ निळं, दूर खाली शिरवण्याची कौलं दिसत होती. चुकायचं काही कारणच नव्हतं. तेवढ्यात तो वळला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "वाट चुकलो रे."

माणसं चपापली. मग सगू म्हणाला, "ठावं हुतं." त्यामागून भाना म्हणाला. त्यामागून सगळे. तट्टूवर आता भिवरा बसली होती आणि नवरदेव लगाम धरून उभा होता. तीही म्हणाली, "ठावं हुतं, बाबा." मग बमूची मान खाली झुकली, ती तशीच ठेवून तो रांगेच्या शेवटापर्यंत गेला, एकेकाचे पाय बघितले, परत पुढं आला, आणि चालू लागला.

भिवरा शिरवण्याला नांदली. लंगडत, पण नांदली. बमू पुढं पुष्कळ वर्षं वाट दाखवत होता. असं सांगतात, त्यानंतर त्याची मान कधी वर झाली नाही आणि वाटही कधी चुकली नाही. चालायच्या आधी तो इथं थांबून आपली चूक सांगायचा, इतक्या हळू की माणसांना कान द्यावा लागे. दर खेपेला त्याचं तोंड उतरायचं. एवढ्या वेळा सांगून लाज झिजेल असं लोकांना वाटायचं. ती झिजली नाही म्हणे.

आजही पाथरघरची नवरी तट्टूवर बसून सडा ओलांडते आणि नवरदेव पायी चालतो, मग तो मुंबईत कितीही मोठा साहेब असो. आजही ह्या पट्ट्यावर गवत येत नाही. आणि आजही, कितीही लख्ख ऊन असलं तरी, वाटाड्या खळ्याशी येऊन "वाट चुकलो रेऽऽ" म्हटल्याशिवाय पुढं जात नाही. ते ऐकून पाहुण्यांची तोंडं बघण्यासारखी होतात. मागं एका बाईंनी लगेच विचारलं, दुसरा वाटाड्या मिळेल का? मिळेल की, तोही हेच म्हणेल! मग आपण सगळ्यांनी म्हणायचं, "ठावं हुतं." लाजायचं नाही. पुटपुटलेलं चालत नाही, आणि सगळ्यांनी म्हटल्याशिवाय कुणी हलत नाही. एका प्रोफेसरांपायी आम्ही ताटकळलो होतो, त्यांना आधी ह्याचा पुरावा हवा होता.

ते झालं की वाटाड्या मान खाली घालून एकेकाच्या पायाकडं बघत शेवटपर्यंत जातो. तुम्हाला वाटेल बूट बघतोय. बघू द्या. तेवढा वेळ मात्र कुणी हसायचं नाही. आम्हीसुद्धा हसत नाही.